उपासाची गोळी

सातव्या माळेला केळं झोंबलं. तिखट नाही, लिंबू नाही, कढत चहा नाही. नवरात्राच्या उपासाचं साधं पिकलेलं केळं, आणि ते जिभेला असं झोंबलं की डोळ्यांत टचकन पाणी आलं. घास तसाच गालात धरून मी बसून राहिले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. अमरावतीतल्या आमच्या रुक्मिणीनगरच्या कोपऱ्यावरच्या मंडळाचा भोंगा नेहमीसारखा ओरडत होता, आणि पंचफुला ओट्यापाशी माझ्यासाठी भगर निवडत होती. चौदा वर्षं झाली तिला माझ्याकडे. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "काय झालं जी बाई?" मी तोंडाकडे बोट दाखवलं. "तोंड आलं असन," ती म्हणाली. "उपासानं येते. साबुदाना गरम पडते. म्हनूनच मी उठता-बसताच करतो, पयली माळ अन् आखरी माळ." मला हसू आलं. तोंड येतं म्हणजे काय, इतके दिवस ते कुठं गेलं होतं, असा विनोद मी आठवीच्या वर्गात दरवर्षी करायची आणि पोरी दरवर्षी हसायच्या. आता हसायला ओठ ताणला तर तोही चिरला. उपासाचंच असेल, म्हणून मी केळं बाजूला ठेवलं आणि पाण्याची चूळ भरली. पाणीसुद्धा झोंबलं.

बेसिनशी उभी राहून मी नळ बंद केला आणि सवयीनं हाताकडे पाहिलं. गेले तीन महिने नळ बंद केला की मी हाताकडे बघते. शाळेतून निवृत्त झाले त्याच्या तिसऱ्या वर्षी हे हात माझे राहिले नव्हते. सकाळी उठलं की बोटांचे सांधे सुजून लाल, मूठ वळायची नाही, आणि वळलीच तर उघडायची नाही. एकोणतीस वर्षं ज्या हातानं फळ्यावर हृदयाचे चार कप्पे एका दमात काढले, त्याला ब्लाउजचं बटण लावता येईना. ते पंचफुला लावायची. ती बटण लावत असताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. अंबादेवीला जायचं तर प्रसादाचा नारळ मला धरता येत नव्हता. लोक म्हणत वयाचं आहे, थंडीचं आहे, आणि प्रत्येकाच्या घरी एक तेल होतं. शेवटी शुभंकर, माझा मुलगा, मला अकोल्याला घेऊन गेला. तो तिथं कृषी विद्यापीठात आहे. तिथल्या संधिवाताच्या डॉक्टर, चाळिशीच्या एक बाई, माझी बोटं एकेक करून दाबत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे हाडांचं दुखणं नाही. तुमची प्रतिकारशक्तीच तुमच्या सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर चालून गेलीये."

मी तिथं खुर्चीत बसल्या बसल्या थिजले. कारण मला माहीत होतं. म्हणजे धडा माहीत होता. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हे वाक्य मी किती पोरींकडून घोकून घेतलं असेल! फळ्यावर जखम काढायची, त्यातून आत शिरणारे जंतू काढायचे, आणि पांढऱ्या खडूनं गोल गोल शिपाई. एका वर्षी परतवाड्याहून रोज जीपनं येणारी एक पोरगी उभी राहिली, काळी, बारीक, वेणीला लाल फीत. म्हणाली, "बाई, त्याईले कसं समजते, कोन आपलं अन् कोन परकं?" मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "ते परीक्षेला नाही. खाली बस." ती खाली बसली. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही, तिचं नावही आठवत नाही. पण डॉक्टरांच्या खोलीत ती लाल फीत मला लख्ख दिसली. इतका मोठा प्रश्न तिनं माझ्या हातात ठेवला होता आणि मी तो डस्टरनं पुसून टाकला होता. आपल्या आत कोट्यवधी जीव रात्रंदिवस एकमेकांना हेच विचारत फिरतात, तू आपला का, आणि सहा दशकं बरोबर उत्तर देतात, आणि मग एका दिवशी चुकतात. चुकले तेव्हा मला कळलं. बरोबर होते तेव्हा मी त्यांची साधी आठवणही काढली नव्हती.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. पिवळी, मसुरीच्या डाळीपेक्षा जराशी मोठी. "ही तुमच्या शिपायांना आवरते," त्या म्हणाल्या. "थोडं. सगळं नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची. एकदाच. रोज घेतली तर ही औषध राहत नाही, विष होतं." कागदावर 'आठवड्यातून एकदाच' लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. रोज एक फॉलिक ॲसिडची गोळी, तीही पिवळी. फक्त ज्या दिवशी ही मोठी घ्यायची त्या दिवशी ती नाही. दर महिन्याला रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं, पेशी मोजायच्या. ताप आला, तोंड आलं, कुठून रक्त आलं तर त्याच दिवशी फोन करायचा. मी सगळं वहीत लिहून घेतलं, कारण मी शिक्षिका आहे आणि लोक औषधांच्या बाबतीत कसे गचाळ असतात ते मला ठाऊक आहे. "एक वार ठरवून टाका," डॉक्टर म्हणाल्या, "जो तुम्ही कधीच विसरणार नाही." मी म्हटलं, "गुरुवार. महाराजांचा उपास असतो माझा." त्या खूश झाल्या. शेगाव तिथून तासाभरावर. गुरुवार विसरणारं माणूस त्या भागात मिळायचं नाही.

दीड महिन्यानं, आषाढातल्या एका सकाळी, मी दात घासून नळ बंद केला आणि खोलीत आले, आणि मग थबकले. नळ मी बंद केला होता! पंचफुलाला हाक न मारता, टॉवेल न गुंडाळता, सहज. मी परत गेले, नळ उघडला, बंद केला, उघडला, बंद केला. पंचफुला धावत आली, "बाई, पानी वाया जाऊन राहिलं ना," आणि मी तिला मूठ उघडून दाखवली. पाचही बोटं सरळ. ती माझी बोटं हातात घेऊन बघत राहिली आणि तिनं ती कपाळाला लावली. मी देवभोळी नाही असं मी सगळ्यांना सांगते, एकादशीचा उपास तर सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबरच पोचवून दिला. पण त्या दिवशी मला ती गोळी मखरात ठेवावीशी वाटली. एवढासा पिवळा ठिपका. तो आत कुठं जातो, कुणाला काय सांगतो, आणि तिथली चढाई कशी थांबते? मी दुपारभर हाताची मूठ उघडत आणि मिटत बसले होते.

तर ती मूठ मी बेसिनशी बघत होते आणि मागून पंचफुला म्हणाली, "बाई, गोळ्या घेऊन घ्या आधी. उपासाची गोळी राहिली."

वाटीत पाच गोळ्या होत्या. रोज पाचच असतात. गोळ्या पाकिटातून मी काढू शकत नव्हते तेव्हापासून ते काम तिचं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिला माझ्या पद्धतीनं शिकवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. "ही बारीक पिवळी रोजची. आणि ही दुसरी पिवळी उपासाची. उपास असला की बारकी द्यायची नाही, तिच्या जागी ही. सांग बघू." तिनं धडाधडा सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "पैकीच्या पैकी." जूनपासून प्रत्येक गुरुवारी तिनं न चुकता ती दिली. मी पाच मोजायची आणि एका घोटात गिळायची. रंग तोच, संख्या तीच. आता मी वाटीत बघितलं. चार ओळखीच्या. पाचवी मोठी पिवळी. मी विचारलं, "आज वार कोणता गं?"

"बुधवार."

"मग ही कशी?"

"उपास हाये ना जी तुमचा." ती माझ्याकडे अशी बघत होती की बाईंना उपासानं भोवळ आली की काय. "नऊ दिवस उपास तं नऊ गोळ्या. माळ बसल्यापासून रोज देऊन राहिलो. कालबी देली, परवाबी देली."

घट बसले गुरुवारी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मी बोटांवर मोजलं, त्याच बोटांवर. सहा. दीड महिन्याची गोळी सहा दिवसांत, आणि त्या सहा दिवसांत बारकी एकही नाही. आरशात तोंड उघडून बघितलं. गालांच्या आत, जिभेच्या कडांवर पांढरट चट्टे, साय धरल्यासारखे. हिरडीला बोट लावलं तर बोटाला रक्त. दंडावर दोन निळे डाग होते, कालपासून होते, मी म्हटलं होतं दाराला लागलं असेल. आणि एकदम मला ते वाक्य ऐकू आलं, माझ्याच आवाजात, वर्गातल्या त्या ठाम आवाजात: ही उपासाची. मी वार सांगितलाच नव्हता. गुरुवार हा शब्द डॉक्टरांना सांगितला, वहीत लिहिला, आणि जिच्या हातात पाकीट होतं तिला मात्र दिला नाही.

शुभंकरला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं, गोळीचं नाव, किती, कधीपासून. त्याचा आवाज चढला. "अगं पण रोज कशी घेतलीस? दिली कोणी?" मी फोन कानाशी धरून उभी होते. पंचफुला दोन हातांवर, पदर तोंडाशी धरून. तिनं एवढं ओळखलं होतं की काहीतरी भयंकर झालंय. मी म्हटलं, "पंचफुला देते ना रे गोळ्या." हे खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं. तो म्हणाला, "हद्द आहे त्या बाईची!" आणि मी पुढचं वाक्य बोलले नाही. ते तयार होतं, तोंडात होतं, त्या फोडांच्या मध्ये. मी ते गिळून टाकलं.

डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलं, गोळी तिथल्या तिथं बंद, आणि ताबडतोब अकोल्याला आणा, थांबू नका. गाडी केली. पंचफुला माझ्याशेजारी बसली, मांडीवर माझी पिशवी आणि त्यात दोन्ही पाकिटं, डॉक्टरांना दाखवायला. बडनेऱ्याचा पूल गेला. मग सोयाबीन काढलेली शेतं लागली, मधून मधून उभी कपाशी, आणि वर इतकं निळं आभाळ की मला त्याचा राग आला. मी एकोणतीस वर्षं मुलींना चूक कबूल करायला शिकवलं. खोटं बोललीस तर दुप्पट शिक्षा, असं म्हणायची. मूर्तिजापूरच्या पुढं पंचफुला हळूच म्हणाली, "बाई, म्या काय चूक केली?" ड्रायव्हर आरशातून बघत होता. मी मान हलवली, काही नाही. मला बोलायला त्रास होत होता हे खरं, पण इतका नव्हता. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझा हात तिनं आपल्या हातात घेऊन ठेवला आणि अकोला येईपर्यंत सोडला नाही. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

रक्त घेतलं, रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी अकराशे. हव्या चार हजारांच्या वर. डॉक्टर मास्क लावून खाटेशी बसल्या. रागावल्या नाहीत, आणि त्यामुळं मी जास्त घाबरले. "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवलंय, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "ही गोळी फॉलिक ॲसिडसारखीच दिसते. म्हणजे डोळ्यांना नाही, पेशीला. इतकं साम्य, की पेशी तिला आपलंच समजून आत घेते. आत गेली की ती जागा अडवून बसते, आणि नवीन पेशी तयार होणं थांबतं. तोंडातलं अस्तर सारखं नवं होत असतं, म्हणून तिथं पहिल्यांदा कळलं. मग रक्त." मी पडल्या पडल्या तोंड उघडं टाकून ऐकत होते. दोन पिवळ्या गोळ्या. मी वाटीत बघून फसले, आणि आत माझी प्रत्येक पेशी तशीच फसली, त्याच दोघींमध्ये! एवढं मोठं कारस्थान इतक्या लहान जागेत? भीती होतीच, पण तिच्या वरताण काहीतरी होतं, ज्याला मी हात जोडावेत असं वाटत होतं. "उतारा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अडवलेल्या जागेला वळसा घालून पेशीला जे हवं ते देणारं इंजेक्शन. सहा सहा तासांनी देऊ. पण पेशी अजून खाली जातील. आठ-दहा दिवस कठीण आहेत. या दिवसांत साधा जंतूसुद्धा भारी पडू शकतो." त्यांनी पंचफुलाला बाहेर पाठवलं. दार काचेचं होतं. ती काचेपलीकडे पिशवी घेऊन उभी राहिली, मग शुभंकर आला, आणि मग ती दिसली नाही.

त्या खोलीत फूल नाही, फळ नाही, माणूस नाही. खोली झाडणाऱ्या बेबीताई पायांना पिशव्या बांधून येत. दुसऱ्या दिवशी ताप चढला, एकशे दोन. डॉक्टर म्हणाल्या, हे जंतू बाहेरचे नाहीत, तुमच्या तोंडातलेच, पोटातलेच. आजवर ते गुमान राहत होते. म्हणजे माझ्या आत इतके जण राहत होते आणि मला पत्ता नव्हता. मी चहा करत होते, सहामाहीचे पेपर तपासत होते, सासूबाईंशी भांडत होते, माझे यजमान मोरोपंत गेले तेव्हा भिंतीला टेकून रडत होते, आणि त्या सगळ्या वेळी दाताच्या फटीपासून पायाच्या नखापर्यंत एक पहारा चालू होता. एक मिनिटही न चुकता, सहासष्ट वर्षं. आता तो उठला होता आणि त्याच्या नसण्यानं मला त्याचा आकार कळत होता. ग्लानीत मला वाटायचं, आत एक फार मोठं गाव आहे आणि मी त्याची कधी वेसही ओलांडली नाही. मरणाची भीती अशी वाटत नव्हती. लाज वाटत होती, एवढं न बघता मरायचं याची. आणि दुसरी एक लाज होती, तिच्याकडे मी बघत नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी पेशी सहाशे. शुभंकर मास्क, टोपी घालून आत आला, फक्त डोळे दिसत होते, लहानपणी ताप आला की असायचे तसे. म्हणाला, "आई, काळजी करू नको. काल अमरावतीला जाऊन घर बघून आलो. पंचफुलाकडून किल्ली घेतली. स्पष्ट सांगितलं, आता यायचं नाही म्हणून." मी कोपरावर उठायला बघितलं. "तिच्या वस्तीतच गेलो होतो. काय बोलायचं ते बोललो. आणखी कुणाच्या घरी असं करायला नको तिनं. अंगठाछाप बाईच्या हातात औषधं, माझीच चूक झाली." मला बोलायचं होतं. तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटलेली, फोड फुटून ओठांच्या कडा मिटलेल्या. आवाजाऐवजी लाळ आली, गुलाबी. खरंच बोलता येत नव्हतं आता. ज्या दिवशी येत होतं त्या दिवशी मी बोलले नव्हते. मी हातानं खूण केली, त्यानं कागद-पेन दिलं. बोटं नीट वळली, अक्षर सुरेख आलं. मी लिहिलं, 'शब्द माझा होता.' त्यानं वाचलं. "कोणता शब्द, आई?" मी पुढं लिहायला घेतलं तेवढ्यात थंडी वाजून हात थडथडायला लागला आणि पेन पांघरुणात पडलं. "तू तिची बाजू घेऊ नकोस," तो म्हणाला, "झोप आता." आणि कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला, मी तापात बरळले असं समजून. मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली ती त्या क्षणी. मी गेले तर पंचफुला माझी मारेकरीण म्हणून उरणार होती, तिच्या वस्तीत, तिच्या लेकीसुनांत, जन्मभर. मी मेलेली बाई आणि ती मारणारी, एवढीच गोष्ट सांगितली जाणार होती. मला जगायलाच हवं होतं. इतक्या साध्या कारणासाठी जगावंसं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

पेशी वाढवणारं इंजेक्शन पोटाच्या कातडीत देत होते. तिसऱ्या इंजेक्शननंतर दुपारी हाडं दुखायला लागली. सांधे नव्हेत, ते दुखणं माझ्या ओळखीचं होतं. हे खोल होतं, कमरेच्या रुंद हाडात, छातीच्या मधल्या फळीत, ठोके पडल्यासारखं. मी घाबरून बेल दाबली. डॉक्टर आल्या, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांचे डोळे हसले. "मॅडम, हे चांगलं दुखणं आहे. मगज कामाला लागलाय." मगज म्हणजे हाडांतला गर, तिथंच रक्त तयार होतं, हेही मी फळ्यावर लिहिलेलं. त्या गेल्यावर मी छातीच्या हाडावर हात ठेवून पडले. खाली कुणीतरी उठलं होतं. हजारोंनी उठत होते. नवे, कोरे, कालपर्यंत नसलेले, आणि त्यांना जन्मतःच ठाऊक, आपलं कोण आणि परकं कोण. कुणासाठी उठत होते ते? एका खोटारड्या म्हातारीसाठी, जिनं आपल्या मुलाला अर्धंच खरं सांगितलं. ते काही विचारत नव्हते. माझी लायकी तपासत नव्हते. दुखणं इतकं होतं की मी उशी चावत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते नुसतं दुखण्याचं नव्हतं. मला इतकं कुणी कधी दिलं नव्हतं.

कोजागिरीच्या सकाळी ताप नव्हता. पेशी दोन हजार चारशे. मी अर्धी वाटी गार खिमट खाल्लं आणि ते झोंबलं, पण गिळलं. बेबीताई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "बाहेर एक बाई बसून हाये सकायपासून. अमरावतीची म्हणते. साहेबानं नाई म्हटलं तं उठतच नाई." शुभंकर माझ्या खाटेशी उभा होता. त्यानं मान फिरवली. मी म्हटलं, "आत घे तिला." आठवड्यानंतरचा माझा पहिला आवाज, घोगरा, तुटका. तो म्हणाला, "आई, आत्ता नको." मी म्हटलं, "आत्ताच. आणि तू इथंच थांब."

पंचफुला आली. तोंडाला मास्क, डोक्यावर कागदी टोपी, खाली तिची नेहमीची हिरवी साडी. ती खाटेपासून चार हात लांब उभी राहिली. मी शुभंकरकडे बघून बोलायला लागले, प्रत्येक शब्दाला तोंडात कळ उठत होती आणि मला ते बरं वाटत होतं. "उपासाची गोळी हे नाव मी ठेवलं. गुरुवार हा शब्द मी तिला कधी सांगितलाच नाही. ती मी शिकवलं तशीच वागली, एका अक्षरानं चुकली नाही. नवरात्र येणार हे मला कळायला हवं होतं, तिला नाही. चूक माझी आहे. आणि हे मला त्या दिवशी, तुला फोन करताना माहीत होतं." शुभंकरचा हात खिशाकडे गेला आणि परत आला.

मला वाटलं होतं, पंचफुला रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "मले मालूम हाये. चवथ्या माळेलेच माह्या मनात आलं होतं, ह्या गोळ्या इतक्या लवकर काहून सरून राहिल्या, इचारावं. पन तुमाले इचारलेलं खपत नाई." मी मान खाली घातली. "ते जाऊ द्या," ती म्हणाली. "मले सांगा, फोनवर काहून नाई बोलल्या? मी तं तथीच उभी होती."

"भ्यायले," मी म्हटलं. "मी मूर्ख ठरेन म्हणून भ्यायले."

पंचफुलानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. शुभंकर घसा खाकरून म्हणाला, "मावशी, मी... किल्ली देतो तुम्हाला. उद्यापासून या तुम्ही."

"उद्या येत नाई," पंचफुला म्हणाली. "परवाबी नाई. तुमी माह्या वस्तीत येऊन चार बायकांईसमोर बोलले. आता तथी या, त्याच बायकांईसमोर सांगा. मंग मी येतो."

त्याचं तोंड लाल झालं. मग तो म्हणाला, "येतो. रविवारी येतो."

ती वळली, दारापाशी गेली, काचेवर हात ठेवून थांबली. तिचा राग मला तिच्या पाठीवरून दिसत होता, आणि इतक्या रागातही ती बस बदलत शंभर किलोमीटर आली होती, मी जिवंत आहे का बघायला. माझ्यासमोर उभं राहून मला असं विचारणारं कुणी मी आयुष्यात उभं राहू दिलं नव्हतं. ती वळून म्हणाली, "तुमीबी या बाई, बऱ्या झाल्या का. नाव तुमी ठेवलं होतं. तुमीच सांगा त्याईले."

मी म्हटलं, "येते."